दोन ट्रॉल्यांचं क्रियापद

मानसिंग फौजींच्या वर्गात आलेलं पोर पहिल्या दिवशी इंग्रजी शिकायचं नाही. पहिल्या दिवशी ते ट्रॅक्टर शिकायचं.

"अटेन्शन!" फौजी ओरडायचे. वर्ग म्हणजे दूध डेअरीच्या मागची पत्र्याची खोली. तो शब्द वर पत्र्याला थडकून परत खाली यायचा आणि पोरं दोनदा ताठ व्हायची. "सांगा रं, ट्रॅक्टर काय करतो?"

"नांगरतो!"

"गलत! नुसता ट्रॅक्टर कायबी करत न्हाई. नुसता ट्रॅक्टर धूर सोडतो. मागं नांगर जोडला तर नांगरतो. ट्रॉली जोडली तर ऊस वाहतो. ब्लोअर जोडला तर द्राक्षावर औषध मारतो. डोकं त्येच, मागचं बदललं की काम बदललं. समझे का न्हाई?"

"समझे!"

"आता 'लुक' ह्यो ट्रॅक्टर. मागं 'फॉर' जोडलं, शोधणं. 'आफ्टर' जोडलं, सांभाळणं. 'इनटू' जोडलं, चौकशी करणं. आन् जो गडी मागं काय जोडलंय ते न बघता नुसता ट्रॅक्टर बघून अर्थ लावंल, त्याला पिठ्ठू!"

पिठ्ठू म्हणजे पाठीवर ओझं घेऊन मैदानाला फेऱ्या. हा शब्द फौजी स्वतःच्या पाठीवर शिकले होते. नोकरीच्या सुरुवातीला त्यांचे साहेब रजेवर जाताना म्हणाले, "मानसिंग, लुक आफ्टर माय डॉग." मानसिंगनं मनातल्या मनात फोड केली: लुक म्हणजे बघ, आफ्टर म्हणजे नंतर. कुत्र्याला नंतर बघ. हुकूम तो हुकूम. गड्यानं आधी अंघोळ केली, बूट चमकवले, जेवला, जरा आडवा झाला, आणि 'नंतर' झाल्यावर कुत्र्याला बघायला गेला. कुत्रं शेजारच्या युनिटच्या लंगरात बसून मटण हाणत होतं. पुढं बरेच दिवस ते धड उभं राहिलं नाही, आणि मानसिंग धड बसला नाही. ही गोष्ट फौजी कुत्र्याच्या आवाजासकट सांगायचे. शेवटी म्हणायचे, "त्या वज्ज्याखाली पळता पळता मला इंग्रजी कळलं."

कवठे महांकाळला उतरून पुढं वडापच्या जीपनं जावं लागतं अशा गावात हा वर्ग. पोरं संध्याकाळी दुधाच्या किटल्या डेअरीत रिकाम्या करायची आणि तशीच मागच्या खोलीत शिरायची. कुणाला भरतीला जायचं होतं, कुणाला मिरजेच्या कॉलेजात तोंड उघडायचं होतं, एका पोरीला तर नुसतं भावाला इंग्रजीत शिव्या द्यायच्या होत्या.

ट्रॅक्टरानं अर्थ कळायचा, पण ध्यानात राहायचा नाही. ध्यानात राहायला माणूस लागतो, असं फौजींचं मत. गाव कुणालाही त्याच्या खऱ्या नावानं ओळखत नाही. प्रत्येकाच्या नावामागं काही ना काही चिकटलेलं असतंच. फौजींनी चिकटवायला क्रियापदं घेतली. एक क्रियापद, एक माणूस. आणि त्या माणसाच्या घरी जाऊन, चहा घेऊन, रीतसर विचारून.

"आप्पासो, तुमच्या नावावर एक व्हर्ब करायचं म्हणतोय."

आप्पासो सरपंच. त्यांनी बशी खाली ठेवली. "करा की. सातबारा लागंल का आधार कार्ड?"

"कायबी न्हाई. फकस्त परवानगी."

"मग द्या करून. पर जरा वजनदार बघा. खुर्चीला शोभलं पायजे."

त्यांना 'लुक इनटू' मिळालं. गटार तुंबू दे, रस्त्यावरचा दिवा जाऊ दे, आप्पासो मान हलवून "बघतोऽ, बघतोऽ" म्हणायचे, आणि ते गटार पुढच्या वर्षीही तिथंच असायचं. 'सरपंच विल लुक इनटू इट.' पोरं हसून किटल्या बडवायची, आणि क्रियापद जन्मभर पाठ.

नाथाजींना 'लुक फॉर' मिळालं, कारण त्यांची म्हैस दावं तोडून सारखी पळायची आणि ते बांधाबांधानं तिला हाका मारत हिंडायचे. नाथाजी रुसले.

"फौजी, आप्पासोला खुर्ची आन् मला म्हस व्हय?"

"आवं काका, म्हस तुमचीच पळती का न्हाई?"

"पळती. पर इंग्रजीत कशाला पळवता?"

चांदसाहेब टेलरांचं मात्र वेगळं झालं. त्यांची बायको मेहरुनबी अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं ते करायचे आणि मधल्या वेळात शाळेच्या चड्ड्या शिवायचे. 'चांदसाहेब लुक्स आफ्टर मेहरुनबी.' हे कळल्यावर ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "फिर एक बार म्हना बेटा," म्हणाले. पोरांनी एका सुरात म्हटलं. त्यांनी गळ्यातल्या टेपनं डोळे पुसले आणि मशीनवर परत गेले.

अट एकच होती. "कॅम्पातली बात कॅम्पात," फौजी फळा पुसता पुसता बजावायचे. "ही माणसं आपली हायेत. त्यांनी नाव खोलीपुरतं दिलंय. भायेर न्यायचं न्हाई." आणि पोरं खरोखर नेत नव्हती. डेअरीच्या पुढच्या बाजूला आप्पासो दिसले तर तोंड दाबून हसायची, पण क्रियापद गिळायची.

मग आलं 'पुट अप विथ'.

"ह्या ट्रॅक्टराला दोन ट्रॉल्या," फौजींनी सांगितलं. "कारखान्याला ऊस नेतो तसला. मागची ट्रॉली रस्त्यात सुटली तर माल निम्मा." आणि पोरं नेमकी मागचीच ट्रॉली सोडायची. "सर, आय पुट अप द मच्छर!" एक जण ओरडला. "कुठं ठेवलास वर? माळ्यावर?" फौजींनी विचारलं. अर्थही पोरांच्या हातात येत नव्हता. सहन करणं म्हटलं की पोरं मार खाण्याचा अभिनय करायची. "तसं न्हाई रं. नको असतंय, आवडत न्हाई, तरी बोंब न मारता रोजच्या रोज निभवून न्यायचं. त्ये."

त्याला माणूस हवा होता. तो कोण, हे फौजींना पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणूनच तिच्याकडं जायला त्यांचे पाय उचलत नव्हते.

बनुबाई म्हणजे फौजींची थोरली बहीण, अक्का. याच गावात दिलेली, पलीकडच्या आळीला. तिचा नवरा, फौजींचे दाजी, पिऊन यायचे. पहिली भाकरी ताटात पडली की एक तुकडा मोडायचे, "मीठ कमी हाय गंऽ" म्हणायचे आणि भाकरी दारातनं अंगणात भिरकवायचे. अक्का अंगणात जायची, भाकरी उचलायची, पदरानं झटकायची, ती स्वतःसाठी बाजूला ठेवायची आणि तव्यावर दुसरी टाकायची. शब्द नाही. तिला माहेर चार पावलांवर होतं. पण मानसिंग तेव्हा भरतीसाठी पहाटे माळावर पळत होता. अक्का पोर घेऊन घरी आली असती तर पळणं सोडून त्याला रोजगाराला जावं लागलं असतं. ती आली नाही. तो फौजेत गेला. पुढं दाजी गेले, आणि गेलेल्या माणसाबद्दल अक्कानं तोंड उघडलं नाही म्हणून गावात ते देवमाणूस ठरले. लेक दीपमाला पाटणला दिली होती. तिच्या सासरी तर दाजींचा फोटो हारासकट भिंतीवर होता.

अक्का शेडवर बेदाणा निवडत बसली होती. काळा मणी एकीकडं, काडी दुसरीकडं.

"अक्का, तुझ्यावर एक क्रियापद करू का?"

"माझ्यावर? मी काय सरपंच हाय व्हय रं?"

फौजींनी अर्थ सांगितला. अक्काचे हात बेदाण्यात थांबले.

"कुणाकुणाला सांगणार?"

"खोलीतल्या पोरांस्नी."

"पोरी हायेत?"

"हायेत."

"मग सांग. पोरींनी ऐकाय पायजे. म्हणावं, एकदा निभवाय लागलं की समद्यांला त्याची सवय लागती, तुमाला सोडून." तिनं एक काडी उचलून फेकली. "पर मान्या, खोलीतच म्हण. भायेर गेलं तर दीपाला सासरी तोंड दावाय जागा न्हाई. तिचा बाप तिथं भिंतीवर हाय."

"कॅम्पातली बात कॅम्पात, अक्का."

त्या संध्याकाळी खोलीत किटली वाजली नाही. फौजींनी भाकरी सांगितली, अंगण सांगितलं, पदरानं झटकणं सांगितलं. स्वतःचं पळणंही सांगितलं. 'बनुबाई पुट अप विथ हर हजबंड.' त्यानंतर एकाही पोराची मागची ट्रॉली सुटली नाही.

मागच्या रांगेत साईराज बसला होता. मोबाईल गुडघ्यावर टेकवून.

साईराज म्हणजे गावाचा टेपरेकॉर्डर. एसटीचा कंडक्टर, डेअरीतला फॅट मोजणारा, आप्पासोंचा खोकला, सगळे त्याच्या गळ्यात राहायला होते. फौजींचा आवाज तर तो असा काढायचा की पाठमोरी पोरं फसून ताठ उभी राहायची. फौजींना त्याचं भारी कौतुक. ते कुठं गावाला गेले तर वर्ग साईराजकडं. "माझ्या मागं ही खोली साईराजच बघणार," असं त्यांनी चारचौघांत सांगून ठेवलेलं. एकदा त्यानं विचारलं, "सर, रिव्हिजनला रेकॉर्ड करू का?" फौजी म्हणाले, "कर की." अभ्यासाला नको कोण म्हणणार?

मग साईराज साताऱ्याला कॉलेजला गेला, आणि तिथनं मोबाईलवर आला.

"हॅलो हॅलो हॅलो मित्रांनोऽ! मी तुमचा लाडका साईराज, आणि आज आपण काय जोडणार आहोत? ट्रॅऽक्टर!"

पहिला व्हिडिओ फौजींनी डेअरीत उभ्यानंच बघितला. त्यांचाच ट्रॅक्टर, त्यांचाच नांगर, त्यांचंच 'समझे का न्हाई'. ऊर भरून आला. दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो दाखवला. "माझा पोरगा. बघा कसा शिकवतोय." पुढं नाथाजी फोन हातात धरून आले. "फौजी, माझी म्हस मोबाईलवर पळाया लागली की!" सगळे हसले. नाथाजीही हसले, पण जरा उशिरा. फौजींनी त्या उशिराकडं लक्ष दिलं नाही. पोरगं हाय, म्हणाले.

त्यानंतर अक्का त्यांच्या दारात आली. उंबऱ्याच्या बाहेर थांबली.

"दीपाचा फोन आलाता," ती म्हणाली. "म्हणती, आई, माझा बाप मोबाईलात भाकरी फेकतोय. आन् तू ती झटकून खातीयास. जेवताना सासूनं समद्यांस्नी दावलं म्हणं." मग हात पुढं केला. "दाव मला."

फौजींनी तो व्हिडिओ बघितला नव्हता. दोघांनी तो उंबऱ्यावर उभ्यानं बघितला. साईराजनं डोक्यावरून टॉवेलचा पदर घेतलेला. आधी तो दाजी झाला. "मीठ कमी हाय गंऽ!" आणि खरीखुरी भाकरी भिरकावली. मग तो बनुबाई झाला. कमरेला हात लावून वाकणं, उठताना गुडघ्यावर तळवा टेकणं, भाकरीवरनं पदर फिरवताना ओठ मुडपणं. आवाज तर असा, की आतल्या खोलीतनं फौजींची बायको "वन्सं, कवा आलासा?" म्हणत बाहेर आली. "बनुबाई पुट्स अप विथ हर हजबंड! कमेंटमध्ये सांगा, तुमच्या घरात कोण काय पुट अप विथ करतंय?" खाली हसणाऱ्या तोंडांची रांगच्या रांग.

अक्कानं शेवटपर्यंत बघितलं.

"वाकतो बराबर माझ्यावाणीच," ती म्हणाली. "ह्ये त्याला कुणी सांगितलं?"

फौजींनी मोबाईल पालथा केला.

"मी तर तुला सांगितलं हुतं." तिनं पदर नीट केला. "काढून टाकाय लाव. मग माझ्या दारात ये."

फौजींनी तिथंच फोन लावला. पलीकडनं साईराज उसळलाच. "सर! तुमालाच लावणार हुतो! ह्या रविवारी माझ्या इंग्रजी अकॅडमीचं उद्घाटन. साताऱ्यात, सर! तुमचा सत्कार ठिवलाय. गुरूशिवाय कसं व्हईल?"

"साईराज, ते अक्काचं—"

"सर, समोरासमोर बोलू. तुमी या तर आधी. गाडी पाठवू का?"

"गाडी नको. येतो मी."

समोरासमोर बोललं की होईल, असंच फौजींना वाटलं. पोरानं गुरूचं आजवर काही मोडलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते वडापनं, मग दोन एसट्या बदलून साताऱ्याला पोचले. सांगली मागं पडली, कराड मागं पडलं, आणि वाटभर ते वाक्य जुळवत होते. पोरा, ते काढ. एवढंच. यात अवघड काय?

हॉलच्या बाहेर फौजींचा फोटो. केवढा? दारापेक्षा मोठा. खाली लिहिलेलं, 'आमचे प्रेरणास्थान'. साईराज धावत आला, वाकून पाया पडला, आणि तेवढ्यात दोघांनी फोटो काढला म्हणून पुन्हा एकदा पाया पडला.

"साईराज, आधी जरा बाजूला—"

"सर, पाहुणे आलेत. कार्यक्रम उरकला की निवांत."

पाहुणे माईकला चिकटले. "आजच्या या स्पर्धेच्या युगामध्ये, इंग्रजी ही जी काही भाषा आहे, ती काळाची गरज आहे, आणि म्हणून मी आपला जास्त वेळ न घेता..." असं म्हणून त्यांनी सगळ्यांचा वेळ घेतला. मग शाल, मग नारळ. फौजी शाल पांघरून मधल्या खुर्चीत बसले. मग साईराजनं माईक हातात घेतला, पाठ ताठ केली, हनुवटी वर केली.

"अटेन्शन!"

सगळा हॉल ताठ झाला. "नुसता ट्रॅक्टर काय करतो?" "धूर सोडतो!" पोरं एका दमात ओरडली. कोण कुठली साताऱ्याची पोरं, पण त्यांच्या तोंडात तीच खोली, तोच पत्रा. साईराज मान तिरकी करून, एक भुवई उचलून, खडू बोटात फिरवत चालू लागला, आणि फौजींना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपण चालताना डाव्या हातानं मांडी बडवतो. त्यांना हसू फुटलं. थांबेना. खांदे हलायला लागले, शाल घसरली. स्वतःला इतकं हुबेहूब बघितलं की माणूस हसणार नाही तर काय करणार?

आणि त्याच हसण्याच्या मध्यात साईराजनं टेबलावरची एक शाल उचलून तिचा पदर डोक्यावर घेतला.

"मीठ कमी हाय गंऽ!"

हॉल हसून कोसळला. सगळ्यांना पाठ होतं. भाकरी फेकायच्या आधीच पोरं "झटक! झटक!" म्हणून ओरडत होती. साईराज वाकला, गुडघ्यावर तळवा टेकला, ओठ मुडपले. समोर सगळे फोन वर धरलेले, आणि प्रत्येक फोनात मधल्या खुर्चीतला शालवाला म्हातारा, ज्याच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं.

नंतर पडद्याच्या मागं, थर्माकोलच्या अक्षरांजवळ, फौजींनी त्याला गाठलं.

"साईराज, ते काढ."

"कुठलं, सर?"

"ठावं हाय तुला कुठलं. अक्कानं नाव खोलीपुरतं दिलं हुतं. तू त्या खोलीत हुतास. तुझ्या कानांनी ऐकलंस, भायेर न्यायचं न्हाई."

साईराजचा चेहरा खरोखर पडला. ते सोंग नव्हतं, तेच वाईट होतं. "सर, आवं, पर मी आत्तीची बदनामी कुठं केली? लोकं तिच्यावर जीव टाकतात. 'बनुबाई आमची आई' असं लिवतात बाया खाली. आन् सर, तुमीच म्हणायचा, माणूस जोडल्याबिगार शबुद पाठ व्हत न्हाई. मी तेच केलं. खोली जरा मोठी केली, एवढंच."

"दीपाच्या सासरी समद्यांनी बघितलं."

"मग नाव बदलतो! बनुबाईच्या जागी दुसरं कायतरी घालतो. ठसका तसाच ऱ्हाईल."

"काढ म्हणतोय मी."

"काढतो, सर." साईराजनं खिशातनं फोन काढला, बघितला, परत खिशात ठेवला. "काढतो की. पर आता लोकांनी उतरवून घेतलाय, इकडं तिकडं पाठवलाय. माझा काढून काय उपेग? आन् सर, खरं सांगू? अकॅडमी त्याच्यावर उभी ऱ्हायलीय. ट्रॅक्टर कोण बघत न्हाई. बनुबाई बघतात." कुणीतरी बाहेरनं हाक मारली. त्यानं पुन्हा वाकून फौजींच्या पायाला हात लावला. "जेवल्याबिगार जायाचं न्हाई, सर."

फौजी न जेवता निघाले.

एसटीत खिडकीशी बसल्यावर सवयीनं त्यांच्या डोक्यात वाक्यं जुळायला लागली. 'लेट डाऊन.' विश्वासानं धरलेला हात सोडून देणं. हे क्रियापद ते कधी नीट शिकवूच शकले नव्हते. एक तर त्याला माणूस कोण देणार, परवानगी मागायला कुणाच्या घरी जाणार? आणि दुसरं म्हणजे त्याची जोडणी उलटी. इथं माणूस पुढं नाही, मागं नाही, मधे येतो. 'लेट', मग माणूस, मग 'डाऊन'. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या जागेत. 'साईराज लेट मानसिंग डाऊन.' वाक्य बरोबर होतं. फौजींनी ते मनात दोनदा म्हटलं, आणि जरा बरं वाटलं, कुणाला तरी शिवी दिल्यावर वाटतं तसं. मग कराडच्या पुढं, काही न करता, ते वाक्य आपोआप सरकलं. 'मानसिंग लेट बनुबाई डाऊन.' तेही बरोबर होतं. त्यात काही चूक शोधायचा त्यांनी मिरजेपर्यंत प्रयत्न केला.

गावात उतरून ते घरी गेले नाहीत. सरळ अक्काच्या दारात. ती अंगणात बसली होती. शेजारीण तिथनं उठून मोबाईल पदराखाली घेत आत गेली, तेव्हाच फौजींना समजलं की सातारा त्यांच्या आधी पोचला आहे.

"काढला?" अक्कानं विचारलं.

"काढतो म्हणालाय."

"तू हसत हुतास."

"अक्का, त्यानं आधी माझी नक्कल केली. त्याचं मला हसू आलं. मग त्यानं एकदम—"

"आधी काय आन् मग काय, त्ये तुला ठावं. मोबाईलात हसणं दिसतंय." तिचा आवाज चढला नाही. "अंगावर शाल दिसती. मी वाकलीया आन् माझा भाऊ शाल घिऊन हसतोय. दीपानं पुन्ना फोन केला. म्हणली, मामाला इचार, मजा आली का? दिवाळीला येत न्हाई म्हणली. भिंतीवरला फोटो उतरवलाय त्यांनी."

"अक्का, तू परवानगी दिलीतीस..."

"खोलीपुरती." ती उठली. उठताना गुडघ्यावर तळवा टेकला, आणि टेकल्यावर तिचं तिलाच कळलं. तिनं हात झटकन काढून घेतला. "बघ. आता उठायची बी चोरी झाली."

ती आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढं ठेवलं. परक्या पाव्हण्याला देतात तसं, खाली ठेवून. फौजी प्याले.

"मी तुझ्यासाठी निभावलं असं तू पोरांस्नी सांगितलंस म्हणं."

"व्हय."

"मी तुला कवा बोलले तसं?"

"न्हाई."

"मग? त्ये माझ्या पोटातलं हुतं, मान्या. तुला दिसलं, तर तूबी पोटात ठिवायचंस. तू त्ये फळ्यावर लिवलंस. त्या पोराचं मागनं बघ. आधी माझं नाव तुझ्या खोलीतनं काढ. आन् माझंच कशाला, समद्यांची काढ. उद्या कुणाची पोरगी फोन करंल, तुला काय ठावं?"

दार तिनं आपटलं नाही. नेहमी लावते तसंच लावलं. पण उजेड असताना ती ते कधी लावत नसे.

पुढचे काही दिवस फौजी घरोघरी हिंडले. क्रियापदं देताना चहा घेतला होता, तसा परत घेताना घेतला नाही. आप्पासोंनी मान हलवली. "बघतो मी," म्हणाले, आणि मग स्वतःच कसनुसे हसले. नाथाजी म्हणाले, "म्हस परत दिली म्हणा की! बरं झालं बाबा." चांदसाहेबांनी मशीनवरचा पाय काढला आणि हात जोडले. "फौजी, माझं नका काढू. ते वाक्य मी मेहरुनबीला रोज म्हणून दाखवतो. तिला अर्थ समजत नाही, पण चेहरा फुलतो."

"तुमी घरी म्हणा, मास्तर," फौजी म्हणाले. "खोलीत नको आता."

मग परत वर्ग भरला. किटल्या तेवढ्याच होत्या, पण नवीन पोरं साईराजचे व्हिडिओ बघून आलेली. फौजींनी फळ्यावर 'पुट अप विथ' लिहिलं, आणि पाठमोरे असतानाच मागच्या रांगेतनं हळू आवाज आला. "मीठ कमी हाय गंऽ!"

खोलीभर खसखस पिकली. फौजी वळले. एका पोरानं रुमालाचा पदर केला होता आणि तो झटकत होता. नक्कल बरोबर जमली होती, ओठसुद्धा. सगळे आता पिठ्ठूची वाट बघत होते.

फौजींनी काही केलं नाही. टेबलावर एक गाईड होतं, मिरजेतनं आणलेलं. त्यांनी ते उघडलं आणि बघून बघून फळ्यावर लिहिलं. मग वाचलं. "जॉन पुट्स अप विथ द नॉइज."

पोरांनी फळ्याकडं बघितलं. मग पुढच्या रांगेतल्या सृष्टीनं हात वर केला.

"सर, जॉन कुणाचा?"

"कुणाचाच न्हाई."

"कुठल्या गावचा तरी आसंल की."

"कुठल्याच न्हाई. पुस्तकातला हाय."

"मग त्यो किती निभवतोय, त्ये आमाला कसं कळायचं?" तिनं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. "आन् त्यानं न्हाई निभावलं तर कुणाचं काय बिघडतंय?"

"कुणाचंच बिघडत न्हाई," फौजी म्हणाले. "म्हणूनच त्याला घेतलाय. लिवा."